नाव ठेवणे आणि नावं ठेवणे

गेल्या रविवारी एका बारशाला गेलो होतो. आत्याने बाळाच्या कानाशी तोंड नेऊन 'कुर्रऽऽ' केलं, पाठीत चार धपाटे खाल्ले, नाव जाहीर झालं, घुगऱ्या वाटल्या गेल्या. बाळ झोपून होतं. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

आपल्या भाषेत एका अनुस्वाराने केवढा फरक पडतो पाहा. बाळाला नाव ठेवतात, शेजाऱ्याला नावं ठेवतात. पण जगात काही माणसं अशी आहेत की त्यांच्या बाबतीत हा अनुस्वार द्यावा की काढावा हेच कळत नाही. हुकूमशहाच्या देशातून जीव मुठीत धरून पळालेली माणसं. ती जिथे जिथे जातात, तिथे तिथे एक आत्या पाळण्याशी उभी असते. नवा देश, नवं बारसं. घुगऱ्यांचा मात्र पत्ता नसतो.

उत्तर कोरियाचंच घ्या. तिथून निघालेल्या माणसाचं पहिलं बारसं त्याच्या पाठीमागेच उरकतात. नाव ठरलेलं असतं: गद्दार. माणूस मोठा असेल तर नावही भारदस्त. थे योंग-हो हे लंडनच्या वकिलातीत उपराजदूत होते. २०१६ मध्ये ते बायको-मुलांसह सोलला निघून गेले, तेव्हा प्याँगयाँगच्या सरकारी वृत्तसंस्थेने त्यांना 'मानवी गाळ' म्हटलं. आदल्या आठवड्यापर्यंत हाच गाळ इंग्रजांसमोर किम घराण्याची थोरवी गात होता, तेव्हा वृत्तसंस्थेला वास आला नव्हता.

साध्या माणसाला एवढा मान नाही. तो, किंवा खरं तर ती. कारण आजवर दक्षिणेत पोचलेल्या सुमारे ३४ हजारांत दर दहांमागे सात बायका आहेत. ती तुमेन नाहीतर यालू नदी ओलांडते. हिवाळ्यात नदी गोठते, चालत जाता येतं. पलीकडे चीन, आणि दुसरं बारसं. निर्वासितांबद्दलच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारात चीन १९८२ मध्ये सामील झाला. जिथे माणसाचा छळ होईल तिथे त्याला परत ढकलायचं नाही, असं तो करार सांगतो. आम्ही करार मोडतो, असं चीन कधीच म्हणत नाही. तो फक्त नाव बदलतो. ही माणसं निर्वासित नाहीतच, पोटासाठी बेकायदा घुसलेली आहेत, असं म्हटलं की १९५१ चा करार गळून पडतो आणि प्याँगयाँगशी १९८६ मध्ये केलेला सीमेचा करार पुढे येतो. त्यात परत पाठवायची सोय आहे. मापात मारणारे दुकानदार तुम्ही पाहिले असतील. हे नावात मारतात.

परत पाठवलेल्यांचं पुढे काय होतं, ते न्यायमूर्ती मायकेल कर्बी यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने २०१४ मध्ये लिहून ठेवलं आहे. मारहाण, छावण्या, चीनमध्ये गरोदर राहिलेल्या बायकांचे सक्तीचे गर्भपात. इथे मला तिरकस लिहिता येत नाही. पुढे जातो.

चीनमध्ये लपून राहायचं तर कागद नाही. कागद नाही म्हणून पोलिसाकडे जाता येत नाही, आणि ही गोष्ट पोलिसाआधी दलालाला ठाऊक असते. ईशान्य चीनच्या खेड्यांत कितीतरी बायका अशा विकल्या गेल्या. घेणाऱ्याने त्यांना 'नवरी' म्हटलं. हेही एक बारसंच.

जिला तिथून निसटता येतं ती हजारो किलोमीटर दक्षिणेला उतरते. लाओस, मेकाँग नदी, मग थायलंड. थायलंडमध्ये पाऊल ठेवल्यावर ती काय करते? पोलीस चौकी शोधते. जन्मभर गणवेश दिसला की आडोशाला जाणारी बाई स्वतःच्या पायाने चौकीत जाते आणि सांगते, मला पकडा. मग बेकायदा प्रवेशाचा खटला, दंड, कोठडी आणि शेवटी हद्दपारी. हद्दपार कुठे करतात? सोलला! थायलंडने त्या १९५१ च्या करारावर सही केलेली नाही, त्यामुळे तिथे तिला निर्वासित म्हणण्याची सोय नाही. गुन्हेगार म्हणून इष्टस्थळी पोचवण्याची मात्र आहे. करारात बसलेला चीन मरणाच्या दारात परत नेऊन सोडतो आणि कराराबाहेरचा थायलंड दंडाची पावती फाडून सुखरूप पाठवतो. आंतरराष्ट्रीय करारांवर सह्या कशासाठी करतात हे कुणाला कळलं असेल तर मला जरूर कळवा.

आता सोल. भाषा आपली, माणसं आपली. दक्षिण कोरियाच्या राज्यघटनेचं तिसरं कलम म्हणतं की अख्खं कोरियन द्वीपकल्प आणि त्याला लागून असलेली बेटं म्हणजे आपला देश. म्हणजे उत्तरेत जन्मलेली बाईही जन्मतः आपलीच नागरिक. कागदावर याहून मोठं मन मी तरी पाहिलेलं नाही. प्रत्यक्षात ही नागरिक विमानातून उतरली की आधी गुप्तचर खात्याकडे. कित्येक आठवडे चौकशी. गावाचा नकाशा काढून दाखव. शाळा कुठे, बाजार कुठे? कोण जाणे, हेर असायची!

शंका अगदीच पोकळ नाही. २०१० मध्ये पळून आल्याचं सोंग घेतलेले दोन हेर पकडले गेले. ते ह्वांग जांग-योप यांना मारायला आले होते. ह्वांग म्हणजे उत्तर कोरियाच्या 'जुछे' तत्त्वज्ञानाचे शिल्पकार. पिंजऱ्याचा आराखडा काढणारा गवंडीच १९९७ मध्ये बीजिंगच्या दक्षिण कोरियन वकिलातीत चालत गेला, आणि आश्रय द्या म्हणाला. तर शंका घ्यायला हरकत नाही. पण त्याच गुप्तचर खात्याने उत्तरेतून आलेल्या एकाला हेर ठरवण्यासाठी खोटे कागद कोर्टात ठेवल्याचंही पुढे उघड झालं. फार बोभाटा झाला. मग २०१४ मध्ये सुधारणा झाली. 'संयुक्त चौकशी केंद्रा'चं नाव 'संरक्षण केंद्र' ठेवण्यात आलं.

तुम्ही हसलात. आपल्याकडे चौकांची आणि शहरांची नावं बदलतात तेव्हा तुम्ही असेच हसता का, हे मी विचारत नाही.

येणाऱ्यांच्या नावांची वंशावळ तर त्याहून मजेदार आहे. एकेकाळी हे लोक 'ग्विसुन योंगसा' होते, म्हणजे आपल्याकडे आलेले वीर. १९६२ च्या कायद्याने त्यांना देशासाठी पराक्रम गाजवणाऱ्यांच्या पंगतीला बसवलं. त्या काळी येणारे थोडे होते आणि रिकाम्या हाताने येत नसत. त्याही आधी, २१ सप्टेंबर १९५३ रोजी, नो कुम-सोक नावाचा २१ वर्षांचा वैमानिक मिग-१५ घेऊन किम्पोच्या धावपट्टीवर उतरला होता. मिग आणणाऱ्याला अमेरिकेने एक लाख डॉलर जाहीर केले होते. त्याला म्हणे या बक्षिसाचा पत्ताही नव्हता. पुढे तो अमेरिकेत गेला, इंजिनीअर झाला, केनेथ रो झाला. घुगऱ्या मिळालेलं हे एक बारसं. १९८३ मध्ये आणखी एक वैमानिक मिग-१९ घेऊन आला. सोलमध्ये भोंगे वाजले, मग हारतुरे झाले, घसघशीत बक्षीस मिळालं आणि दक्षिणेच्या हवाई दलात नोकरीही.

मग नव्वदीत उत्तरेत दुष्काळ पडला. आता येणाऱ्यांच्या हातात विमान नव्हतं, पोर होतं. वीरांची संख्या वाढू लागली तशी त्यांची वीरता घटली. १९९३ च्या कायद्यात ते पंगतीतून उठून 'उत्तर कोरियन बांधव' झाले. १९९७ च्या कायद्यात 'उत्तर कोरिया सोडून आलेले रहिवासी'. वीर, बांधव, रहिवासी. पस्तीस वर्षांत माणूस दिवाणखान्यातून जिन्याखाली आला. २००५ मध्ये सरकारला वाटलं की जरा गोड नाव हवं, तेव्हा 'सेतोमिन' काढलं, म्हणजे नव्या भूमीतली माणसं. ज्यांना ठेवलं त्यांनाच ते आवडलं नाही. आम्ही काय शेतं शोधत आलो होतो का, असा त्यांचा सूर. तीन-चार वर्षांत सरकारनेच ते गुंडाळून ठेवलं.

विमान आणि पोर यांतला फरक मी उगाच रंगवत नाही. त्याचं सरकारी दरपत्रक आहे. २०१७ मध्ये दक्षिण कोरियाने बक्षिसांचे दर वाढवले. गुपित असं आणा की देशाच्या सुरक्षेला उपयोग होईल: शंभर कोटी वॉनपर्यंत. लढाऊ विमान किंवा युद्धनौका आणा: तेवढेच. रणगाडा असेल तर कमी. आणि नुसतं स्वतःला आणलं तर? त्या वर्षी एकट्या माणसाला संसार थाटायला मूळ अनुदान होतं सत्तर लाख वॉन, तेही हप्त्यांनी. त्यातले बरेचसे दारात उभ्या असलेल्या दलालाला द्यायचे, कारण मेकाँग उधारीवर ओलांडलेली असते.

चौकशी आणि हे अनुदान यांच्या मधल्या काळात 'हानावोन'. १९९९ पासून चालणारी ही शाळा, बारा आठवड्यांची. एटीएम कसं वापरायचं, मेट्रोचा नकाशा कसा वाचायचा, बँकेत खातं कसं उघडायचं. भाषा एकच असली तरी भाषाही शिकवावी लागते, कारण सोलची कोरियन म्हणजे पुण्यातली मराठी, निम्मी इंग्रजी. तिथून बाहेर पडताना नागरिक क्रमांक मिळतो. सुरुवातीची काही वर्षं या क्रमांकात शाळेच्या परिसराचा ठसा असायचा. पुरुषाचा मागचा भाग १२५ ने सुरू, बाईचा २२५ ने. नोकरी देणारा आकडे पाहायचा आणि ओळखायचा. चीनची वकिलातही पाहायची आणि व्हिसा नाकारायची. त्याच परिसरात नोंद झालेल्या अस्सल दक्षिणी नागरिकांनाही याचा फटका बसला. हे निस्तरायला २००९ उजाडावं लागलं. नाव बदलून पाहिलं होतं, बाई, आता आकडा बदलून घ्या.

बरं, नाही जमलं सोलमध्ये, तर दुसरीकडे जावं? काहींनी ते केलं. लंडनजवळच्या न्यू मॉल्डन भागात उत्तर कोरियनांची युरोपातली सर्वांत मोठी वस्ती आहे. पण नंतरच्यांना ब्रिटनने दार लावलं. २०१४ च्या निकालात तिथल्या न्यायाधिकरणाने म्हटलं की दक्षिण कोरियाच्या कायद्याप्रमाणे बहुतेक उत्तर कोरियन आपोआप दक्षिणेचे नागरिक ठरतात. ज्याला आधीच एक सुरक्षित देश आहे तो आश्रय कसला मागतो? तिसऱ्या कलमाचं ते मोठं मन आठवतं ना? त्याचा असाही उपयोग होतो. म्हणजे चीनमध्ये ती पोटार्थी, थायलंडमध्ये आरोपी, सोलमध्ये नागरिक, आणि लंडनमध्ये सोलची नागरिक. निर्वासित हा शब्द तेवढा तिच्या वाट्याला कुठेच येत नाही. तो प्रत्येकाने दुसऱ्यासाठी राखून ठेवला आहे.

अमेरिकेने एका बाबतीत नावाची भानगडच ठेवली नाही. तिने पाय पाहिले. १९९५ पासून क्युबातून होडक्यात बसून येणाऱ्यांसाठी नियम होता: पाय ओला असताना, म्हणजे समुद्रात सापडलात, तर परत. पाय कोरडा झाला, म्हणजे जमिनीला लागलात, तर राहा. हुकूमशाहीचा छळ घोट्यापर्यंतच्या पाण्यावर मोजायचा. जानेवारी २००६ मध्ये १५ क्युबन फ्लोरिडात एका जुन्या पुलाला येऊन टेकले. पूल अमेरिकेचा. पण मधले भाग काढल्यामुळे तो तुकडा जमिनीला जोडलेला नव्हता. तटरक्षकांनी ठरवलं की हे पाय ओले आहेत, आणि माणसं परत धाडली. दोन महिन्यांच्या आत एका न्यायाधीशाने तो निर्णय चुकीचा ठरवला, तोवर पाय क्युबात पोचले होते. हा नियम २०१७ मध्ये ओबामांनी जाता जाता रद्द केला. आता ओलं-कोरडं सगळं सारखंच.

आणि आपण? आपला शब्द सगळ्यांत गोड: पाहुणा. डिसेंबर १९६६ मध्ये एक पाहुणी दिल्लीत उतरली. स्वेतलाना, स्टालिनची मुलगी. काळाकांकरच्या राजघराण्यातले कम्युनिस्ट ब्रजेश सिंह यांच्याशी तिला लग्न करायचं होतं. मॉस्कोने परवानगी दिली नाही. ते मॉस्कोत वारले आणि ती त्यांच्या अस्थी गंगेत सोडायला आली. तिला इथेच राहायचं होतं. ब्रजेश यांचे पुतणे दिनेश सिंह तर परराष्ट्र खात्यात राज्यमंत्री होते, म्हणजे घरचीच ओळख. पण मॉस्कोला दुखवायचं कसं? पाहुणीला सुचवण्यात आलं की पाहुण्यांनी परत जायचं असतं. ६ मार्च १९६७ च्या संध्याकाळी ती सामान घेऊन अमेरिकन वकिलातीत गेली आणि त्याच रात्री रोमच्या विमानात बसली. अमेरिकेलाही मॉस्कोचा रुसवा नको होता, म्हणून तिला आधी काही आठवडे स्वित्झर्लंडमध्ये ठेवलं. स्टालिनच्या लेकीची ही तऱ्हा, तर तुमेन नदीवरच्या बाईला कोण विचारतो.

आपण १९५१ च्या करारावर सही केलेली नाही, आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही केलेला नाही. दलाई लामांना १९५९ मध्ये आसरा दिला तोही कायद्याने नव्हे, मर्जीने. मर्जी मोठी होती, हे मान्य. पण मर्जीवर अपील करता येत नाही.

सोलला परत येऊ. तिथे या माणसांना एक गोष्ट भरपूर मिळते, ती म्हणजे प्रेक्षक. २०११ पासून तिथल्या एका वाहिनीवर उत्तरेतून आलेल्या बायकांना बोलावून त्यांच्या कहाण्या ऐकवणारा कार्यक्रम चालतो. कहाणी जितकी भीषण, तितका भाव. या भावाने काहींच्या आठवणीही फुगल्या. छावणीत जन्मलेल्या एका तरुणाची गोष्ट जगभर पुस्तकरूपाने खपली आणि २०१५ मध्ये त्यानेच कबूल केलं की त्यातल्या काही जागा आणि तारखा खऱ्या नाहीत. लगेच लोकांनी नाव ठेवलं, या वेळी अनुस्वारासकट: थापाडे. छळ खरा होता आणि तारीख खोटी होती, या दोन गोष्टी एकाच माणसात राहू शकतात, हे फक्त आपल्या नातेवाइकांच्या बाबतीत आपण समजून घेतो.

ते 'मानवी गाळ' थे योंग-हो २०२० मध्ये खासदार झाले, तेही गंगनामसारख्या सोलच्या सर्वांत श्रीमंत भागातून. मतपत्रिकेवर नाव होतं थे कु-मिन. सुरक्षेसाठी घेतलेलं, अर्थ 'लोकांना वाचवणे'. निवडून आल्यावर काही दिवसांतच त्यांनी जगाला सांगितलं की किम जोंग-उन स्वतःच्या पायावर उभे राहू शकत नाहीत. १ मे रोजी किम खताच्या कारखान्याची फीत कापताना दिसले, दोन्ही पायांवर. थे यांनी माफी मागितली. चुकीचं बोलून माफी मागणारा खासदार! यावरून तरी सिद्ध व्हावं की माणूस बाहेरून आलेला आहे.

नाव जीवावरही बेततं, याचा दाखला २०१९ च्या नोव्हेंबरात मिळाला. दोन उत्तर कोरियन मच्छीमार नौकेसह पकडले गेले. आम्हाला इथे राहायचं आहे, असं त्यांनी लिहून दिलं. सरकार म्हणालं की यांनी नौकेवरच्या १६ जणांचा खून केला आहे. केला असेलही. तिसऱ्या कलमाप्रमाणे ते नागरिक होते, आणि नागरिकाने खून केला तर खटला चालतो. पण त्यांना 'क्रूर गुन्हेगार' हे नाव ठेवलं आणि पाच दिवसांत पनमुनजोमच्या रेषेपलीकडे सोपवून दिलं. त्यातला एक रेषेवर कसा अंग टाकून देत होता, त्याचे फोटो २०२२ मध्ये बाहेर आले. ज्यांनी हे केलं ते तेव्हाचे बडे अधिकारी २०२५ मध्ये कोर्टात दोषी ठरले. शिक्षा सुनावणं मात्र कोर्टाने लांबणीवर टाकलं. नागरिकांना पाच दिवसांत निकाल, अधिकाऱ्यांना सवडीने.

आणि १ जानेवारी २०२२. सोलमध्ये साफसफाईची कामं करणारा एक तरुण पूर्व किनाऱ्यावरच्या कुंपणावरून चढून उत्तरेत निघून गेला. चौदा महिन्यांपूर्वी तो त्याच भागातलं कुंपण चढून दक्षिणेत आला होता, तेव्हा तो बातमी होता. जगातल्या सर्वांत कडेकोट सीमेवर जाताना-येताना दोन्ही वेळा त्याला अडवणारं कुणी नव्हतं. मधल्या काळातही त्याच्याकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं असं दिसतं.

येणाऱ्यांचा आकडा आता घसरला आहे. २००९ मध्ये २,९१४ आले होते, २०२१ मध्ये ६३. बारशांचा उत्साह मात्र टिकून आहे. २०२४ मध्ये एका सरकारी समितीने नवं नाव सुचवलं, 'उत्तरेची पार्श्वभूमी असलेले रहिवासी'. २०२५ मध्ये नव्या मंत्र्यांनी आणखी एक पुढे केलं, 'बुकह्यांगमिन', ज्यांचं गाव उत्तरेला आहे ते. छान आहे. मागच्यापेक्षा आटोपशीर आहे.

३१ जुलै २०१९ रोजी सोलच्या ग्वानाक भागातल्या एका भाड्याच्या घरात ४२ वर्षांची एक आई आणि तिचा सहा वर्षांचा मुलगा मेलेले सापडले. ती उत्तर कोरियातून २००९ मध्ये आली होती, ज्या वर्षी सर्वांत जास्त लोक आले त्या वर्षी. जाऊन दोनेक महिने झाले असावेत. थकलेल्या पाणीपट्टीसाठी आलेल्या माणसाला वास आला म्हणून कळलं. मे महिन्यात तिने बँकेतून शेवटचे ३,८५८ वॉन काढले होते. आपल्या हिशेबात अडीचशे रुपयांच्या आत. त्यानंतर खात्यात शून्य. भूकबळीची शंका सगळ्यांनी घेतली, पण शवचिकित्सेत मृत्यूचं कारण निश्चित करता आलं नाही, असं नोंदवलं गेलं. फ्रीजमध्ये लाल तिखट होतं. बाकी काही नव्हतं.